मेलेल्या गवळ्याची हाक

"बाबा, काल तुम्ही परत एका बाईला 'डोकं सांभाळा' म्हणालात." मार्सी वडिलांच्या तोंडाला पांढरी पावडर फासत होती.

"तिथली तुळई खाली आहे. लागलं असतं तिला."

"भूत काळजी घेत नाही, बाबा. लोक हसत बाहेर येतात. आज कोणी किंचाळलं नाही, तर उद्यापासून तुम्ही बाहेर गाड्या लावायला."

व्हर्लिन स्टोल्झने पावडरीसाठी दुसरा गाल पुढे केला. याच गोठ्यात त्याने उभा जन्म दूध काढण्यात घालवला होता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा, गेल्या वसंतात, गायी रस्त्यापलीकडच्या ड्वेन केसलरला विकल्या आणि रिकाम्या गोठ्यात पोरीने हॅलोविनची भुताटकी मांडली. ऑक्टोबरभर शहरातले लोक तिकीट काढून घाबरायला येत. व्हर्लिनच्या वाट्याला मेलेला गवळी आला होता. लोकांना घाबरवण्यात त्याला काडीचा रस नव्हता. पण त्या निमित्ताने गोठ्यात बसायला मिळत होतं आणि तेवढं तरी हातचं जायला नको होतं.

दिवस मावळला तसा पहिला घोळका आत आला. व्हर्लिन अंधारातून उठला, त्याने लाकडी कुऱ्हाड उगारली.

"अय्या, किती गोड आजोबा," एक पोरगी खिदळली.

आता ओरडायला हवं होतं. पण त्याला ओरडणं कुठे येत होतं? आयुष्यात तो गळा फाडून ओरडला होता तो फक्त संध्याकाळी, कुरणातल्या गायींना घरी बोलावताना. तीच हाक तोंडून निघाली.

"कम बॉऽऽस, कम बॉऽऽस..."

घोळका थबकला. दूरवर काहीतरी हंबरलं. मग आणखी एक, मग कितीतरी. पायांची धडधड जवळ येऊ लागली. उघड्या दारातून दिसलं, रस्त्यापलीकडच्या कुंपणाशी धुक्यात डोळेच डोळे चमकत होते. खिदळणारी पोरगी सगळ्यांच्या आधी किंचाळत पळाली.

मार्सी धावत आली तेव्हा व्हर्लिन रस्ता ओलांडून कुंपणाशी पोचला होता.

"बाबा, कमाल केलीत. दर घोळक्याला हेच करा. आता तुम्हाला गोठ्यातून कोण हलवतंय?"

व्हर्लिनचं लक्ष गायींकडे होतं. गोठ्यात शिरायच्या त्याच क्रमाने त्या उभ्या होत्या, डॉटी सगळ्यांत पुढे.

"घरी न्यायला आलो असं वाटलंय गं त्यांना. हाक मारली की आत घ्यायचं असतं. उगाच नाही बोलवायचं."

"गायीच त्या, बाबा. विसरतील."

"विसरल्या असत्या तर आल्या असत्या का?" तो म्हणाला. "उद्यापासून मी गाड्या लावतो."

पुढचा घोळका खोळंबला होता, मार्सी परत गेली.

डॉटीने तारांमधून तोंड बाहेर काढलं. त्याच्या हातांना फासलेलं खोटं रक्त मक्याच्या गोड पाकाचं होतं. तिने एक हात चाटून साफ केला, तेव्हा व्हर्लिनने दुसरा पुढे केला.