सौंदर्याची डिस्क

नागाप्पांची लेक सौंदर्या तापानं गेली आणि मागं राहिला तो तिचा आवाज, तोही कॉम्प्युटरात. माइक नवा आणला तेव्हा पोरीनं हौसेनं बडबड भरून ठेवली होती. "आप्पा, जेवायला उठा की!" एवढं ऐकल्याशिवाय म्हातारा गुळाच्या दुकानातून येऊन ताटावर बसत नसे.

पुढं कॉम्प्युटर अडला. राजारामपुरीत दुरुस्तीचं दुकान चालवणारा शिवशरण त्यांच्या घरच्यासारखा. "विंडोज नव्यानं टाकतो, आवाजाला धक्का लागत न्हाय," म्हणत त्यानं सीडी घातली. पडद्यावर उमटलं : या कॉम्प्युटरात हार्ड डिस्क सापडली नाही. बस्स. पुढं काय करावं, याबद्दल अवाक्षर नाही. शिवशरणनं वायर बदलून पाहिली, पुन्हा तेच. सीडीचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य!

"आप्पा, डिस्क गेली," तो म्हणाला. कोल्हापुरी माणूस, आडपडदा कशाला ठेवतोय?

लिंगायतात गेलेल्याला माती देतात. म्हाताऱ्यानं सौंदर्याच्या समाधीशेजारी खड्डा काढला, डिस्कला विभूती लावली, वर बेलाचं पान ठेवलं. कुणी हसलं नाही. शिवशरणनंही मूठभर माती लोटली. त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला.

दिवाळीनंतर कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा कॉम्प्युटर तसाच अडला. या वेळी विंडोजची सीडी नव्या आवृत्तीची होती. ती म्हणाली : डिस्क दिसत नाही. तिला ओळखणारा ड्रायव्हर माझ्याकडं नसेल, तो द्या. ड्रायव्हर म्हणजे चिमुकला प्रोग्राम, डिस्कशी ओळख करून देणारा. शिवशरणनं तो दिला, आणि डिस्क धडधाकट! आतलं सगळं जागच्या जागी.

त्याला म्हाताऱ्यानं पुरलेली डिस्क आठवली. सौंदर्याची डिस्क तरी कुठं मेली होती? जुन्या सीडीला चार शब्द जास्त बोलता आले नाहीत, आणि आपल्याला दुसऱ्या कुणाला विचारायची अक्कल सुचली नाही. आता मात्र पावसाळाभर मातीत भिजून ती खरंच गेली असणार.

सांगावं की गिळावं? गिळलं तर जन्मभर घशाशी राहील. तो तडक गुळाच्या दुकानात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. नागाप्पांनी हातातली ढेप खाली ठेवली. म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे आत आवाज हुता?"

"व्हय, आप्पा."

"आनि आपण जित्तीच पुरली व्हय रं तिला?"