द्वारकाताईंचा उजवा गुडघा

पौषातली सकाळ. कृष्णाकाठचं धुकं विरलं आणि केशरी, कोवळं, कवडशाकवडशांचं ऊन शाल्मलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलं. शुभ्र मस्तकं, शुभ्र बाहू, शुभ्र पावलं! जिवंत देहांवरून साचे घेऊन तिने घडवलेली ती शिल्पं लख्ख उजळली. आज तिथे एक नवा देह आला होता.

देह द्वारकाताईंचा. कबड्डीत एके काळी सांगलीची चढाई म्हणजे द्वारका. आता साठीची, श्यामल, रुंदस्कंध. उजवा गुडघा मैदानांनी खाल्लेला, व्रणांकित, वाकडा. उद्या डॉक्टर तो कापून धातूचा बसवणार होते. "जायच्या आधी त्याचं काहीतरी कर गं पोरी," त्या म्हणाल्या. "लई पळालाय माझ्यासाठी."

शाल्मलीने खोबरेल चोपडलं. "ताई, अजिबात हलायचं नाही हं." प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या मांडीवर चढल्या, गुडघ्यावर वळल्या, पोटरीवर उतरल्या. शेवटच्या पट्टीसाठी तिने घोटा धरला मात्र, झालं! घोट्याला हात लागला की निसटायचं, ही त्या पायाची जन्माची सवय. पाय उसळला आणि अर्धवट ओला साचा फरशीवर पडून फुटला.

"अगं बाई! मी थांब म्हणतेय, पण ह्यो ऐकतोय कुणाचं?" द्वारकाताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. प्लास्टर आता एकाच साच्यापुरतं उरलं होतं. त्या घाबरल्या, खरंच घाबरल्या.

तेव्हा सोबतीला आलेली कुंदा चहाचा कप ठेवून उठली. त्याच संघातली जुनी मैत्रीण, पकडीत पटाईत. "हिला बसवून कसं चालंल?" पदर खोचत ती म्हणाली. "हिला धरावं लागतंय. चल गं द्वारके, घे दम!"

फरशीवर खडूची रेषा उमटली. द्वारकाताई डाव्या कुशीवर पसरल्या, बोटं रेषेकडे ताणली. मागून कुंदाने दोन्ही हातांनी घोटा आवळला. आणि दम घुमला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी! ताणलेली मांडी, ताणलेली पोटरी, ताणलेला श्वास. पुढे ओढ, मागे पकड. दोन जोरांच्या मधोमध तो अवखळ पाय निश्चल झाला. शाल्मलीचे हात भराभर फिरू लागले. एक दम सरला की दुसरा, दुसरा सरला की तिसरा.

"सोडू नगंस गं!"

"सोडते व्हय तुला!"

प्लास्टर तापलं, आवळलं, घट्ट झालं. घाईत कुंदाची बोटंही पट्ट्यांखाली गेली होती. शिव्या देत, हसत, तेल सोडत ती कशीबशी सुटली. शाल्मलीने साचा कडेने कापला आणि श्वास रोखून उघडला.

आत गुडघा होता. व्रणाव्रणासकट, वळीवळीसकट, वाकड्या वाटीसकट. आणि खाली, घोट्याभोवती, कुंदाची बोटं तशीच्या तशी आवळलेली.

द्वारकाताईंनी त्या खोलगट वाटीत तळहात ठेवला. प्लास्टर अजून उबदार होतं.

"उद्या कापा म्हणावं खुशाल," त्या म्हणाल्या. "हा बघ, राहिला की."

प्लास्टरने माखलेल्या हातांनीच कुंदाने डोळे पुसले. आणि गालांवरून पांढरे, ओले, पांढरे ओघळ हळूहळू उतरत राहिले.