दोनदा परत आलेली

“आधीच सांगून ठेवते, ही दोनदा परत आलीय,” पिंजऱ्याची कडी काढता काढता बाई म्हणाल्या. बेवारशी जनावरं सांभाळणं हेच त्यांचं काम. “चावत नाही, ओरडत नाही. पण खेळतही नाही. लोक कंटाळतात.”

आत मातकट रंगाची एक पोक्त कुत्री बसली होती. शिंपिणीने सवयीने नजरेनेच तिचं माप घेतलं.

तिच्या घरात तीन मुलं आणि तिघांच्या तीन तऱ्हा. चौदा वर्षांची ताई आणि नऊ वर्षांचा मधला ही नवऱ्याची पहिल्या संसारातली, आणि चार वर्षांचा बटण तिचा स्वतःचा. लग्नाला वर्ष होत आलं होतं. मधल्याने पहिल्याच आठवड्यात ‘आई’ म्हणून हाक मारून दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून घेतला होता. ताई मात्र ‘मावशी’वर थांबली होती, आणि तेही अगदीच अडलं तर. आता तिने मामाकडे राहायला जायचं काढलं होतं. मामा रविवारी न्यायला येणार होता. नवरा रंगारी, सारी हयात भिंतींच्या सहवासात गेलेली. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणून तो मोकळा झाला होता.

जनावर आणायची कल्पना शिंपिणीची. घरात तिघांचं मिळून असं काही नव्हतंच. असं काही असलं, तर पोरीचा पाय उंबऱ्यात थोडा तरी अडखळेल. लाच म्हणा हवं तर, पण तिला ती पोर जायला नको होती.

मधल्याला घोड्याएवढा कुत्रा हवा होता. बटणला खिशात मावेल असा मासा. ताई म्हणाली, “काहीही चालेल.” शिंपिणीचं मत ठरलेलं, कपडे काय नि जनावर काय, वाढत्या अंगाचं घ्यावं. म्हणून तिने पिल्लू पसंत केलं. बटणने ते मायेने असं आवळलं, की बाईंना धावत येऊन सोडवावं लागलं. मग मधल्याने निवडलेला दांडगा कुत्रा एकदाच भुंकला आणि बटण थेट ताईच्या कडेवर जाऊन बसला.

या मातकट कुत्रीचा मात्र त्याने कान ओढला, तर तिने नुसते डोळे मिटले.

“नाही जमलं तर परत आणता येते?” ताईने विचारलं. ती कुत्रीबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, देव जाणे.

“पंधरा दिवसांत केव्हाही,” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडे कापलेलं कापड परत घेत नाहीत,” शिंपीण म्हणाली. “हीच द्या.”

घरी आल्यावर कुत्री शिवणयंत्राखाली जाऊन बसली ती बसलीच. मधल्याने चेंडू फेकायचा, तिने बघायचं आणि त्यानेच तो उचलून आणायचा. “या घरात कुत्रा नक्की कोण आहे?” नवऱ्याने विचारलं. वर्षभरात त्याने केलेला हा पहिला विनोद. बटण कुत्रीच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा. ताई लांबून बघायची. खाणं मात्र कुत्री जेमतेम तोंडाला लावत होती, आणि शिंपिणीच्या जिवाला तोच घोर लागला होता.

गुरुवारी दुपारी शिंपीण गिऱ्हाइकाकडून माप घेऊन आली आणि दारातच थबकली. लाकडाच्या भुशाने भरलेली टाचण्यांची उशी फाटून पडली होती. वर्षानुवर्षं ती यंत्राच्या कडेलाच असायची. उचलून ठेवायचं सुचलंच नव्हतं. जमिनीवर भुसा, कुत्रीच्या तोंडाला भुसा, आणि टाचणी औषधालाही नाही.

तिने ते धूड छातीशी धरलं आणि अनवाणीच कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे धाव घेतली. रविवारी मामा येईल. पोरगी त्याला सांगेल, हिच्या घरात मुकं जनावरही आठवडाभर टिकलं नाही. आणि ते खरंच असेल.

डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला, उजेडाला धरला.

“भुसा आहे. बाकी काही नाही.”

“नीट बघा हो डॉक्टर! मग एवढ्या टाचण्या गेल्या कुठे?”

“ते मी कसं सांगणार, बाई?”

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, श्वास लागलेला. “शेजारच्या काकू म्हणाल्या... मावशी, टाचण्या डब्यात आहेत! कपाटावर! काल कुत्री उशी हुंगत होती. बटणही तिथंच लोळत असतो. म्हणून मी सकाळी सगळ्या काढून ठेवल्या. सांगायचं राहिलं.”

“मग उशीच का नाही उचलून ठेवलीस, बाळा?”

ताईने मान खाली घातली. “ती तुमची आहे. तुमच्या वस्तू कशा हलवायच्या?”

शिंपीण मटकन बाकावर बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. “हलव गं बाई. अख्खं घर उलटंपालटं कर, पण हलव.”

“काळजीचं कारण नाही,” डॉक्टर म्हणाले. “भीती मोडली की काही जनावरं कुरतडायला लागतात. रुळतेय ती. रात्री पोटभर खायला घाला.”

परतताना शिंपिणीने कुत्रीला पुढून धरलं, ताईने मागून. चपला नाहीत हे बघून ताई तिला सावलीच्या बाजूने नेत होती.

“मामाला फोन कराल?” ताई म्हणाली.

शिंपिणीने कुत्रीला अजूनच घट्ट धरलं. “काय सांगू?”

“रविवारी जेवायला ये म्हणावं. न्यायला नको.”

“तूच सांग की.”

“नको. मी सांगितलं तर चिडवेल.”

शिंपिणीने डोळे पुसावेत, तर दोन्ही हात कुत्रीत अडकलेले. तशीच ती चालत राहिली. फाटकाशी पोचल्यावर ताई थांबली.

“मावशी, हिला चालता येतं की!”

दोघींनी तिला खाली ठेवलं. कुत्रीने अंग झटकलं आणि मागे वळूनही न बघता घरात निघून गेली.