उलट्या चिठ्ठ्यांची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, गोल तबकडी आहे. एका गायिकेचा अख्खा अल्बम माझ्या दोन्ही बाजूंवर बारीक रेघांनी कोरलेला आहे.

वादक तिला ताई म्हणत. ती डिस्को गाऊ लागली की बसलेल्यांचे पायही ठेका धरत. पण तिला संथ, पोटातून येणारी सोल गाणीही गायची होती. कंपनीचे साहेब मात्र हटून बसले.

"लोकांना नाचायचंय ताई, उसासे नकोत."

"साहेब, एक बाजू तुमची, एक माझी. बस्स!"

"बरं. पण तुमची बाजू कुणी ऐकली नाही, तर यापुढे फक्त नाच. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली खरी, पण पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन तिने तसाच खाली ठेवला.

मग कारखान्यात माझा जन्म झाला. तापून मऊ झालेला काळा गोळा यंत्रात ठेवायचा, त्याच्या खाली गाण्यांची नावं छापलेली एक गोल चिठ्ठी, वर एक, आणि दाबायचं. त्या सकाळी यंत्रावरच्या मावशी लेकीच्या सासूची गाऱ्हाणी सांगण्यात रंगल्या होत्या. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली! नाचाच्या बाजूला संथ गाण्यांची चिठ्ठी, संथ बाजूला नाचाची.

त्याच घाण्यातली मी रेडिओ केंद्रावर पोहोचले. ताई आणि साहेब पाहुणे म्हणून आले होते. निवेदक आप्पा थाटात म्हणाले, "श्रोतेहो, आता पाय आवरा बघू!" आणि त्यांनी सुई टेकवली.

निघाला तो ताईचा संथ, ओलसर आवाज. आप्पांनी घाईघाईने माइक बंद केला.

"काढा ती!" साहेब लालबुंद झाले. "भलतीच बाजू लागलीय!"

"गाणं अर्धवट तोडायचं नाही, असा इथला नियम आहे साहेब. रेडिओ मुका झाला तर माझी धडगत नाही."

ताईने डोळे मिटून घेतले. तिचं सगळं पुढचं गाणं त्या तीन-चार मिनिटांत अडकलं होतं. गाणं संपतंय तोच फोन खणाणला. एक बाई नाक ओढत म्हणाल्या, "अहो, पाय आवरा म्हणालात आणि रडवलंत की! हेच पुन्हा लावा." मग फोन खाली ठेवायला आप्पांना उसंतच मिळेना.

साहेब खाकरले. "पुढच्या वेळी दोन्ही बाजू तुमच्याच, ताई."

"छे हो! एक तुमचीच राहू दे. मलाही नाचायला आवडतं," ताई हसत म्हणाली.

पुढे कॅसेटी आल्या आणि मी फडताळात इतर तबकड्यांच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं आडवी पडून राहिले. अंग थोडं वाकलं. आप्पांनी निवृत्त होताना मला केंद्राकडून मागून घेऊन घरी आणलं, म्हणून वाचले. आता त्यांची नात मला लावते. नाचाच्या गाण्यात एका ओरखड्यावर सुई उडी मारते. नात आणि तिच्या मैत्रिणीही नेमक्या तिथेच उडी मारतात. मला त्याची मोठी गंमत वाटते.

मित्रांनो, आम्हा तबकड्यांना कडेने धरा. मऊ फडक्याने पुसा, उभ्या ठेवा. आणि एक बाजू संपली की लगेच पाकिटात घालू नका. जरा उलटून लावा. तिथेही कुणीतरी जीव ओतून गायलेलं असतं.