पैऱ्याचा एक दिवस

साळूबाईच्या वीस गुंठ्यांतली हळद काढायला तिच्यासकट सात बाया उतरल्या, तेव्हा पाटलांचा वीरधवल बांधावरून म्हणाला होता, "काकू, मलाही घ्या पैऱ्यात."

पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. आलेल्या हाताला नको म्हणायची रीत नव्हती. वीरधवल घडीव होता. आईच्या पोटात रुजायच्या आधीच प्रयोगशाळेत निवडून, सुधारून घडवलेला. गावात तसे चौघे. त्यांना ना दम लागे, ना घाम येई. बायांना मौज वाटली. दुपारच्या भाकरीपर्यंत त्यानं एकट्यानं सगळं रान उकरून ठेवलं.

आज तो साळूबाईच्या अंगणात उभा होता.

"सात जणींना दहा दिवस लागले असते, काकू. म्हणजे माझे सत्तर दिवस झाले. उद्यापासून माझ्या अकरा एकरांत या. सातही जणी."

साळूबाईच्या हातातलं सूप थांबलं. "सत्तर? आरं, एक सकाळ आलास तू!"

"सकाळ नका मोजू, काम मोजा. मी खणत बसलो तर माझा वेळ फुकट जातो. तुमच्या वेळेचं तसं नाही ना."

तो रागानं बोलला नव्हता. शेळीला हाकावं तसं सहज बोलला. तेच तिच्या काळजाला झोंबलं.

"आपुनच घेतला गं त्येला," शेजारची चंद्राबाई पुटपुटली.

"व्हय, घेतला. माणूस म्हणून घेतला. मानसावानीच फेडीन."

दुसऱ्या दिवशी साळूबाई एकटीच त्याच्या रानात गेली. उन्हानं माती दगड झालेली. कुदळीसंगं तिचा गळाही चालला:

उगवला सूर्यदेव, दारोदारी सारखा,
माझा दिस मलाच गं, कुणी केला पारखा?

सूर्य टेकला तेव्हा जेमतेम दीड सरी झाली होती.

"एकोणसत्तर राहिले," वीरधवल म्हणाला.

"कंबर धरली माजी. तळहाताला फोड आलं. चार डाव पान्याला उठले. ह्याला दिस म्हंत्यात! तुजं काय खर्ची पडलं रं त्या सकाळी? तरीबी आख्खा दिस दिला तुला. फिटला पैरा."

त्यानं दोन बोटांनी तिची कुदळ धरली. तिनं ओढली, हलेना. सारा जीव लावून ओढली. तो नुसता बघत होता.

"ऱ्हाऊ दे तुला," म्हणत तिनं दांडा सोडला. "त्येवढीच तुजी ताकद."

बांधावर बाकीच्या सहाजणी उभ्या होत्या. "उद्या सकाळी सहाला!" तो मागून ओरडला. एकीनंही मान वळवली नाही.

सकाळी सहाला त्याच्या अकरा एकरांत चिटपाखरू नव्हतं. ओढ्यापलीकडं चंद्राबाईच्या तुकड्यात सात जणी वाकल्या होत्या.

"ही कुदळ धर गं, साळू. दांडा ढिला हाय, पर चालतीया."

"आन तो आला तर?"

"येऊ दे की," चंद्राबाई पदर खोचत म्हणाली. "आता न्हाई म्हनायचं शिकलोय."