लोकरीच्या शालीतला लिननचा दोरा

शुक्रवारी दुपारी चार वाजता धाकटीने कोंबडीत सारण भरलं, तिचे पाय एकत्र धरले आणि ओट्यापासूनच हाक मारली, "ताई, तुमच्या डब्यातला माझा दोरा द्या हो!"

"तुझा कसला दोरा माझ्या डब्यात?" थोरली म्हणाली.

झालं, एवढ्या एका प्रश्नाने दिवसाचं वाटोळं झालं.

ह्या ज्यू घरात स्वयंपाक धाकटीचा आणि सुई थोरलीची. ओट्याला लागूनच शिवणाचं टेबल. दोघी जावा तीस वर्षं एका छताखाली राहिल्या आणि तरी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या नाहीत, त्याचं सगळं श्रेय ह्या वाटणीला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या, पावावर झाकायची कापडं, तोरा ह्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं मखमली आवरण, पुरुषांच्या प्रार्थनेच्या शाली, सगळं थोरलीच्या हातचं. शुक्रवारी सूर्य मावळला की शेगडी बंद आणि सुईही बंद, थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्यामुळे शुक्रवारची दुपार म्हणजे दोघींची नुसती तारांबळ.

टेबलावरची शाल मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, थोरलीच्या नवऱ्याची होती. दोन महिने तो आतल्या खोलीत पडून होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मात काही मागितलं नाही अशा माणसाने एवढंच मागितलं होतं, "जगाला शिवून दिलंस, मी मात्र बापाची जुनीच ओढतोय. एकदा तुझ्या हातची नवी शाल घेऊन सिनेगॉगमध्ये बसू दे." उद्या सकाळी त्याला खुर्चीत घालून न्यायचं ठरलं होतं. पांढरी लोकर, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेल्या झालरी, गळ्याशी निळी पट्टी. आजच सकाळी पट्टीचा शेवटचा टाका पडला होता.

धाकटी हात पुसत आली आणि तिने डब्यातून रीळ उचललं. "हा काय! मागच्या आठवड्यात ओट्यावर लोळत होता, म्हटलं तुमच्या डब्यात नीट राहील. अगंबाई, अर्धा संपला की!"

"तो मी पट्टीला वापरला." चांगला दणकट लागला म्हणून थोरलीने मनातल्या मनात दुकानदाराचं कौतुकही केलं होतं. "कसला आहे गं?"

"लिननचा. भट्टीत तुटत नाही म्हणून कोंबडी बांधायला..." आणि धाकटीचं तोंड उघडंच राहिलं.

लोकर आणि लिनन एका कपड्यात एकत्र येऊ द्यायचं नाही. शास्त्रात तसं लिहिलंय, कारण दिलेलं नाही, आणि ह्या घरात कुणी ते विचारलंही नव्हतं. थोरली हे फ्रॉक घालायच्या वयापासून जाणत होती. चाळीस वर्षांत एवढ्या शाली हाताखालून गेल्या, कधी चुकली नाही, आणि चुकली ती नेमकी ह्या शालीत. हल्ली तिला कमी दिसायचं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, बोटांच्या भरवशावर ती रेटत होती. बोटांनीच दगा दिला.

"माझ्याच हाताला काय खाज सुटली होती डबा आवरायची!" धाकटी रडायला लागली.

"रडू नकोस, सारण खारट होईल," थोरली म्हणाली आणि तिने शाल टेबलावर उलटी पसरली.

दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, गल्लीच्या टोकाला रब्बींकडे विचारायला धावत गेला आणि पंधरा मिनिटांत परतला. दारातच उभा राहून तो म्हणाला, "जिवंत माणसाच्या अंगावर नाही चालणार." मग नजर चुकवत पुढे म्हणाला, "पण वहिनी, मी म्हणतो उसवू नका. मेलेल्याला हा नियम लागत नाही. पुरताना ती तशीच पांघरता येते. उद्या दादाला जुनी घालू. आणि आता तसंही..."

"आता तसंही काय?"

दीर दाराच्या कडीशी चाळा करत राहिला.

"काय ते बोल ना! माझा नवरा जिवंत आहे," थोरली कडाडली. "आत पडलाय, श्वास घेतोय, सकाळी सूपला नावं ठेवलीत त्याने. जिवंत माणसाची शाल आहे ही, मढ्याची नाही!"

आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांनी होता. तिने कात्री घेतली. पण टाके कुणाचे? तिचेच! इतके बारीक आणि घट्ट, की कात्रीचं टोक शिरेना. आयुष्यभर ज्या टाक्यांचा तोरा मिरवला, तेच आता वैऱ्यासारखे वागायला लागले. त्यात पांढऱ्या लोकरीत पांढरा दोरा तिला दिसेना.

धाकटीने कोंबडी तशीच उचलून फ्रीजमध्ये टाकली.

"अगं, स्वयंपाक?"

"खड्ड्यात गेला स्वयंपाक. बटाटे उकडलेत, पाव भाजलाय, कुणी उपाशी मरत नाही. सरका तिकडे."

तीस वर्षांत ती पहिल्यांदाच शिवणाच्या टेबलाशी बसली. धाकटीने टाका शोधायचा, थोरलीने कापायचा आणि धाकटीने चिमट्याने धागा ओढायचा. एक तूसही राहता कामा नये. सहाला पाच मिनिटं असताना पट्टी सुटली. धाकटीने शाल खिडकीशी धरून इंच न् इंच पाहिली आणि होकारार्थी मान हलवली. मग घाईघाईने शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या, दोघी डोळे झाकून प्रार्थनेला उभ्या राहिल्या, आणि सुई बंद झाली.

थोरली उघड्या गळ्याची शाल हातात घेऊन आत गेली.

"सगळं ऐकलं मी," नवरा म्हणाला. "पट्टी नसली तरी शाल ती शालच. उद्या अशीच घेईन. पण ती पट्टी टाकू नकोस, शिंपीणबाई. नंतर लाव, त्याच दोऱ्याने. मग कुणी अडवणार नाही."

ज्याच्यापायी दिरावर ओरडली, तेच हा किती सहज बोलून गेला.

"रविवारी लावते," ती म्हणाली. "रेशमाने. आणि पुढच्या शब्बाथला तुम्ही घ्यायची."

"बरं," तो म्हणाला. "पण सरळ लाव. ह्या वेळी डावीकडे तिरकी झाली होती. मी बोललो नाही."

"काही तिरकी नव्हती!"

"होती गं. तुला दिसत नाही हल्ली. माहितीये मला."

शनिवारी चौघांनी मिळून खुर्ची उचलली. पट्टी नसल्यामुळे शालीची वरची बाजू कुठली ते कुणाला कळेना, त्यावरून तो खोकला येईस्तोवर हसला. रविवारी थोरलीने रेशमाने पट्टी लावली. धाकटीने शेजारी बसून पट्टी धरली.

मंगळवारी पहाटे तो गेला.

त्याला न्हाऊ घालून कफन चढवायचं काम पुरुषांचं, थोरली बाहेर बसून राहिली. आत त्याला लिननचं पांढरं कफन घातलं, त्यावर लोकरीची शाल. मेलेल्याला चालतं. रिवाजाप्रमाणे शालीची एक झालर कापून दीर बाहेर आला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"पट्टी सरळ होती का रे?"

दिराला हुंदका आवरेना. "सरळ होती, वहिनी. अगदी सरळ."