दोन खुणांची डिश

मित्रांनो, मी एक जुनी, कडेने गंजलेली टीव्हीची डिश आहे. माझ्या गोष्टीत सांगण्यासारखं फार काही आहे का, याची मलाच खात्री नाही. तरी सांगून बघते.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. २००१ साली महिपती या साताऱ्याकडच्या फिटरने कतारच्या दोहा शहरातल्या अल मुंतझा भागात, एका गच्चीवरच्या खांबावर मला बसवलं. माझं तोंड पूर्वेला, भारतीय वाहिन्यांच्या उपग्रहाकडे होतं. खालच्या फ्लॅटमध्ये वसईचे डग्लस आणि हिल्डा राहत. क्रिकेट स्वच्छ दिसलं की डग्लस माझं तोंडभर कौतुक करी.

२००८ साल आलं. हिल्डा नर्स होती. तिच्या वॉर्डात नवा नियम निघाला. जूनमध्ये अरबी बोलण्याची परीक्षा; नापास झालं तर नोकरी संपली. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने अरबी बातम्यांची वाहिनी सुरू केली.

"सकाळी रेडिओवर मी त्यांच्याच बातम्या इंग्रजीत ऐकते," हिल्डा म्हणाली. "त्याच संध्याकाळी अरबीत ऐकल्या, तर अर्थ आपोआप लागेल."

पण ती वाहिनी पश्चिमेकडच्या उपग्रहावर होती. महिपतीला बोलावलं.

"आवं सायेब, डिश एक आन् आभाळं दोन! बिचारीनं मान कुटं कुटं वळवायची?"

"मग माझं क्रिकेट?" डग्लस कुरकुरला.

महिपतीने हिल्डाची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि माझ्या खांबावर दोन लाल खुणा केल्या. "ही वैनींची, ही तुमची. नट सैल करा, फिरवा. खलास!"

तेव्हापासून डग्लस रोज पाना घेऊन वर येई. बातम्यांना पश्चिम, मग पूर्व. माझी मान दुखे, पण तक्रार कोणाकडे करणार?

एकदा कपडे वाळत घालताना हिल्डा रडवेली झाली होती. "वॉर्डातल्या रुकैया आजींना मी बातम्यांतल्या अरबीत पोटदुखीचं विचारलं, तर त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, पोरी, तू माझ्या पोटाच्या बातम्या देतेस की काय!"

"हसल्या ना?" डग्लस म्हणाला. "दोन आठवडे त्या कुणाशी बोलत नव्हत्या, असं तूच सांगितलंस."

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांतले शब्द हिल्डा आजींपुढे ठेवू लागली आणि आजी तिला घरात बोलायची अरबी शिकवू लागल्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी क्रिकेटचा अंतिम सामना होता. बातम्या झाल्यावर डग्लस पाना घेऊन वर आला, माझ्यापाशी उभा राहिला आणि नटाला हात न लावता खाली गेला. जिन्यातून त्याचा आवाज आला, "हिल्डा, पुढचंही बातमीपत्र ऐक. डिश आज तुझीच."

ती पास झाली. रुकैया आजींनी वॉर्डभर खजूर वाटले.

पुढे इमारतीत केबल आली आणि मला कोणी विचारेना. नट गंजले, वाळू साचली. आता उताणी करून मला कोपऱ्यात ठेवलंय. हिल्डा माझ्यात पाणी ओतते, पारवे येऊन पितात. त्यांच्याशी ती अरबीत बोलते; अजून थोडी बातमी दिल्यासारखीच.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या नटांना कधीतरी तेल घाला. आणि कुणी तुमची भाषा अडखळत बोललं, तर आजींसारखं खुशाल हसा, पण मग त्याला जवळ बसवून घ्या. माझ्या खांबावरच्या खुणा मात्र पुसू नका. त्यांतली एक डग्लसने त्या संध्याकाळी सोडून दिली होती.